घर आजचे, खरेदीदार उद्याचा

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 च्या फेब्रुवारीत करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन केले. कारखान्यासोबत शहरही उभे राहिले. सरळ रस्ते, झाडांच्या रांगा, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि प्रत्येक क्वार्टरपुढे थोडीशी मोकळी जागा अशी त्याची आखणी होती. त्या पिढीला घर विकत घ्यायचे नव्हते. घर नोकरीबरोबर मिळत होते आणि नोकरीबरोबर जाणार होते.

आज त्याच शहरात निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसे घरांचे सौदे करीत आहेत. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि थोडी बचत एकत्र करून आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी साठाव्या वर्षी करायची, ही सार्वजनिक उद्योगांच्या सर्वच नगरांतील स्थिती आहे. राउरकेला आणि बोकारो याला अपवाद नाहीत. चुकीचे घर घेतलेल्या तिशीतल्या माणसाला सावरायला पगार असतो; साठीच्या माणसाला तो नसतो. म्हणून घरातील उणिवा आणि त्याची पुनर्विक्री हा केवळ कौटुंबिक हिशेबाचा विषय आहे, असे मला वाटत नाही.

अलीकडे भिलाईत काही खरेदीदारांशी बोललो. छताचे पोपडे, गंजलेल्या सळया, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी ओल, यांवर ते तासभर बोलू शकत होते. ते योग्यच आहे. पाच-सहा दशकांपूर्वीच्या स्लॅबची परीक्षा रंग लावलेल्या ऑक्टोबरात नव्हे, ऑगस्टात करावी. पण विक्रेता नेमके काय विकत आहे, हा प्रश्न मी विचारला की संभाषण मंदावत असे.

2001 नंतर पोलाद प्राधिकरणाने, म्हणजे ‘सेल’ने, आपल्या नगरांतील हजारो घरे कर्मचाऱ्यांना आणि माजी कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. मनुष्यबळ घटत होते, क्वार्टर रिकामी पडत होती आणि देखभालीचा खर्च कंपनीला जड झाला होता. ज्यांनी ती घरे घेतली, त्यांनी पदरचे पैसे घालून ती दुरुस्त केली, अंगणात खोल्या चढवल्या, मुलांची लग्ने तेथूनच लावली. बोलीभाषेत ते ‘आमचे घर’ झाले. कागदावर मात्र जमीन कंपनीकडेच राहिली. या भाडेपट्ट्यांच्या नोंदणीचा प्रश्न भिलाईच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजत राहिला, यात नवल नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणी नसलेल्या कागदावर बँक कर्ज देत नाही आणि कर्ज मिळत नसेल तर खरेदीदारांची रांग चटकन आखूड होते.

मूळ मुद्दा इथे आहे. घराची किंमत वाढते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात वाढते ती जमिनीची किंमत. विटा, लोखंड आणि सिमेंट दरवर्षी जुने होत असते. भाडेपट्ट्याच्या घरात वाढणारा भाग दुसऱ्याचा आणि झिजणारा भाग आपला असतो. शिवाय मुदत रोज एक दिवसाने कमी होते. कर्जाची मुदत भाडेपट्ट्याच्या शिल्लक काळात बसावी, असा बँकांचा आग्रह असतो. त्यामुळे आज सहज विकले जाणारे घर दहा वर्षांनी केवळ रोखीने घेणाऱ्यालाच विकता येईल, अशी शक्यता गृहीत धरावी लागते. तसा खरेदीदार भाव पाडूनच मागतो.

याचा अर्थ भाडेपट्ट्याचे घर घेऊच नये असा नाही. नवी मुंबईत सिडकोने 60 वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या जमिनींवर अख्खे शहर वसले आहे आणि तेथे घरांची खरेदी-विक्री रोज होते. फरक नियमांच्या स्पष्टतेचा आहे. हस्तांतराला परवानगी कोण देणार, शुल्क किती, नूतनीकरण कोणत्या अटींवर, वाढीव बांधकामाचे काय, या प्रश्नांची लेखी उत्तरे असतील तर भाडेपट्ट्यालाही बाजारभाव मिळतो. ती नसतील, तर मुखत्यारपत्रावर व्यवहार सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केले आहे की, अशा मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. तरीही देशभरच्या नगरांत ‘पॉवर’वर घर घेतल्याचे लोक अभिमानाने सांगतात!

सेक्टरांबाहेर नेहरूनगर, स्मृतिनगर, वैशालीनगर अशा वसाहती आहेत. तेथे गेल्याने प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. तो बदलतो, एवढेच. शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले जातात. खसरा आणि बी-1 उतारा विक्रेत्याच्या नावाचा असतो, पण निवासी वापराचे डायव्हर्शन झालेले नसते. रस्ता नकाशात असतो, जागेवर नसतो. 2016 चा रेरा कायदा संरचनेतील दोषांसाठी विकासकाला पाच वर्षे जबाबदार धरतो. जुने घर विकणाऱ्या सामान्य मालकाला तो लागू नाही. त्याच्यासाठी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण साध्या पाहणीत न दिसणारा दोष सांगणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. दिसण्याजोगा दोष मात्र खरेदीदाराने स्वतःच पाहायचा असतो.

करांचे गणितही बदलले आहे. 23 जुलै 2024 पासून घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे आणि महागाईची वजावट नाही. म्हणजे घराचा भाव केवळ महागाईइतकाच वाढला, तरी कागदावर नफा दिसणार. दुसरे घर घेतल्यास सवलत मिळू शकते, पण वृद्धापकाळी घर विकून मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची जुनी सवय येथे उलटते. आज मुद्रांक शुल्कात वाचलेले पैसे विक्रीच्या वेळी फुगलेल्या नफ्यावर भरावे लागतात.

खरेदीदाराने काय पाहावे, हे सांगता येते. पण साठ वर्षांच्या माणसाने एकट्याने सरकारी कंपनीकडून अटींचा खुलासा मिळवावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. दिल्लीत 1992 पासून भाडेपट्ट्याच्या घरांना शुल्क आकारून मालकी हक्क देण्याची योजना राबवली गेली. पोलादनगरांतील जमीन उद्योगासाठी संपादित झाली होती. ज्यांच्या शेतांवर कारखाना उभा राहिला, त्या गावांचाही या चर्चेत वाटा आहे. त्यामुळे दिल्लीची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु नूतनीकरणाच्या अटी आणि हस्तांतराचे शुल्क मुदत संपण्याच्या बरेच आधी जाहीर करणे कंपनीच्या आणि पोलाद मंत्रालयाच्या हातात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. भिलाईतील पट्टेधारकांची पहिली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे आणि त्यांच्या वारसांपैकी अनेकांना ही घरे राहण्यासाठी नव्हे, विकण्यासाठीच हवी असतील.