आठ रुपयांचा उपप्रश्न

संसदेच्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात एक प्रश्न हमखास विचारला जातो. देशात कुपोषित बालके किती, त्यांचे प्रमाण घटले की वाढले आणि त्यासाठी सरकार काय करीत आहे? विचारणारा सदस्य कधी केरळचा असतो, कधी झारखंडचा. कधी सत्तारूढ बाकांवरचा, कधी विरोधी. महिला व बालविकास मंत्रालयाचे उत्तरही ओळखीचे असते. आधी योजनांची नावे, मग वर्षवार तरतूद आणि शेवटी राज्यनिहाय तक्त्यांचे परिशिष्ट. आकडे सहसा खोटे नसतात. तरीही ते उत्तर वाचून तीन वर्षांच्या एखाद्या मुलाच्या ताटात काय पडले, याचा बोध होत नाही.

अशी उत्तरे तयार करण्याचे काम सेवाकाळात माझ्याही वाट्याला आले होते. जेवढे विचारले तेवढेच सांगावे आणि जे सांगाल ते अचूक असावे, हा त्यातला पहिला धडा. धडा चुकीचा नाही, कारण सभागृहाची दिशाभूल हा हक्कभंग ठरतो. मात्र प्रश्न ढोबळ असला की उत्तरही ढोबळ राहते आणि कोणाचीच अडचण होत नाही. तारांकित प्रश्नाची गोष्ट निराळी असे. मंत्र्यांना कोणता उपप्रश्न येईल याचा नेम नसल्याने रात्री उशिरापर्यंत टाचणे तयार होत आणि राज्यांना दूरध्वनी केले जात. योजनेतील काही उणिवा खात्याला त्या रात्रीच प्रथम उमगत. उत्तरदायित्वाची खरी यंत्रणा उपप्रश्नाच्या धास्तीत आहे, हे मी तेव्हा शिकलो.

या हक्काचा इतिहास पाहण्यासारखा आहे. 1892 च्या कायद्याने भारतातील विधिमंडळांच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु उत्तरावर पुन्हा विचारण्याची नव्हे. 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार दिला आणि 1919 च्या सुधारणांनंतर तो सर्व सदस्यांना मिळाला. आज लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. तारांकितांपैकीही मोजकेच प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात आणि तेथेच विषय संपतो. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात तर महासाथीच्या कारणास्तव प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. लेखी उत्तरे तेवढी उरली. म्हणजे बहुसंख्य प्रश्नांच्या बाबतीत आपले खासदार अजून 1892 च्याच स्थितीत आहेत.

सहा वर्षांखालील मुलांना याची झळ अधिक बसते. त्यांना मत नाही, संघटना नाही आणि कायद्याचा आधारही तोकडा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढील वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. खर्चाचा प्रश्न तेव्हाही पुढे करण्यात आला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 45 ने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. प्रत्यक्षात तो मूलभूत हक्क होण्यासाठी 2002 ची शह्याऐंशीवी घटनादुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुलांना मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवले. 1975 साली 33 प्रकल्पांतून सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना सर्वदूर नेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2001 आणि 2006 मध्ये आदेश द्यावे लागले. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा हक्क ठरला, हे खरे. पण हक्काची किंमत किती धरायची, हे प्रशासकीय आदेशाने ठरते.

ती किंमत आहे दिवसाला आठ रुपये. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या पूरक पोषण आहारासाठी हा दर 2017 मध्ये ठरला. तीव्र कुपोषित मुलासाठी बारा रुपये आणि गर्भवती व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये. बहुतेक राज्यांत यातला निम्मा भार केंद्र उचलते, म्हणजे एका मुलामागे रोज चार रुपये. पुढील काळात डाळ, तेल, दूध, अंडी, इंधन सर्वच महागले. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीतील पोषणमानके सुधारली आणि आहारात वैविध्य व सूक्ष्म पोषकद्रव्ये असावीत असे ठरविले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु चांगल्या ताटाची अपेक्षा वाढली तेव्हा ताटाचा दर जुनाच राहिला. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पीय भाषणात हे दर योग्य प्रमाणात वाढविण्याचे आश्वासन अर्थमंत्र्यांनी दिले.

याच काळात शाळेतल्या मुलाचे काय झाले? पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यामागे मध्यान्ह भोजनाच्या साहित्याचा दर डिसेंबर 2024 मध्ये 5.45 रुपयांवरून 6.19 रुपये आणि मे 2025 मध्ये 6.78 रुपये झाला. दोन योजनांच्या रकमा सरळ ताडून पाहता येत नाहीत, कारण शाळेला धान्य वेगळे मिळते. तुलना दरवाढीच्या पद्धतीची आहे. शालेय आहाराची वाढ ग्रामीण मजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे ठरते. एकाच घरातील थोरली बहीण शाळेत जाते म्हणून महागाईची दखल घेतली जाते आणि धाकटा भाऊ अंगणवाडीत आहे म्हणून ती घेतली जात नाही. मेंदूची बहुतांश वाढ पहिल्या काही वर्षांतच होते, हे ठाऊक असलेल्या राज्यव्यवस्थेला हा भेद शोभत नाही.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, 32.1 टक्के कमी वजनाची आणि 19.3 टक्के उंचीच्या मानाने कृश होती. 2025 मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरांत ‘पोषण ट्रॅकर’चे आकडे होते. त्यांनुसार सुमारे 37 टक्के मुले खुजी, सुमारे 16 टक्के कमी वजनाची आणि पाच-सहा टक्के कृश. खुजेपणा जिथल्या तिथे राहावा आणि कृशता तिपटीहून अधिक घटावी, हे सहज पटणारे नाही. पाहणीत निवडलेल्या घरांतील मुले प्रशिक्षित पथके मोजतात. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीपर्यंत पोहोचलेलीच मुले येतात आणि त्यांना मोजते ती सेविका, जिच्याकडे आहार, नोंदवह्या, लसीकरण आणि गृहभेटीही आहेत. केंद्रीय निकषानुसार तिचे मासिक मानधन 2018 पासून 4,500 रुपये आहे. राज्ये आपापली भर घालतात. सुमारे चौदा लाख केंद्रांची दरमहा माहिती देणारी यंत्रणा ही मोठीच उपलब्धी आहे. मात्र दोन निराळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून त्यांतून प्रगती सिद्ध होत नाही.

तिसरी बाब मातृत्व लाभाची. अन्नसुरक्षा कायदा किमान सहा हजार रुपये देऊ करतो. 2017 च्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार मिळतात आणि उरलेली रक्कम संस्थात्मक प्रसूतीच्या योजनेतून जमेस धरली जाते. दुसऱ्या अपत्याचा लाभ मुलगी झाली तरच. 26 मार्च 2025 रोजी राज्यसभेत सोनिया गांधी यांनी कायदा आणि योजना यांतील ही तफावत मांडली. अशा उल्लेखाला मंत्र्यांनी तेथल्या तेथे उत्तर देण्याचे बंधन नसते, आणि नेमकी हीच आपल्या व्यवस्थेची उणीव आहे.

उपाय नियमपुस्तिकेत आहेत. लेखी उत्तर अपुरे वाटल्यास त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. माहिती संकलित करण्यात येत आहे, हे वाक्यही आश्वासन समजले जाते आणि तीन महिन्यांत त्याची पूर्तता झाली की नाही हे आश्वासन समिती पाहते. या साधनांचा वापर पक्षभेद बाजूला ठेवून व्हायला हवा, कारण आठ रुपयांचा अर्धा भार राज्यांवर आहे आणि त्यांपैकी अनेक राज्ये विरोधकांकडे आहेत.

पुढील अधिवेशनात कुपोषित बालके किती, असे विचारण्याऐवजी खासदारांनी तीन गोष्टी विचाराव्यात. अर्थसंकल्पात सांगितलेली दरवाढ किती रुपयांची, कोणत्या तारखेपासूनची, आणि यापुढे ती निर्देशांकाशी जोडली जाणार काय? ट्रॅकरमधील टक्केवारी ज्या मुलांच्या संख्येवर काढली, ती त्या राज्यातील सहा वर्षांखालील अंदाजित मुलांपैकी किती? आणि कायद्याने देय असलेली पूर्ण रक्कम किती मातांच्या हाती पडली? माझ्यासारख्या कोणा अधिकाऱ्याला त्या रात्री जागावे लागेल. सकाळपर्यंत त्याला तीन निश्चित आकडे शोधावे लागतील, आणि ते सापडले नाहीत तर मंत्र्यांना तसे उभे राहून सांगावे लागेल.