कॉमेंट्री बंद करा, पिक्चर बघा!

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' 1982 सालचा. रिलीजआधीच्या ट्रायल शोला लोकांना तो नीट कळेना. झालं, निर्माते घाबरले! हॅरिसन फोर्डच्या आवाजात कॉमेंट्री घातली आणि शेवट गोड करून टाकला. त्या शेवटातले डोंगर तर कुब्रिकच्या 'द शायनिंग'चं उरलेलं फुटेज! 1992 च्या आवृत्तीत हे दोन्ही काढलं आणि मला तरी पिक्चर जास्तच भिडला. छोटी मॉडेल्स धुरात शूट करून उभं केलेलं ते शहर स्वतःच बोलतं, मग समजावणारा कशाला? आपणही परीक्षेच्या आदल्या रात्री तयार नोट्सच शोधतो. डोक्याला थोडा न कळण्याचा त्रास होऊ द्या की! स्वतःचं उत्तर त्यातूनच सापडतं. पटतंय का बघा.