उमरखेडहून शारजा

नागपूर ते शारजा हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजले तर सुमारे 2,450 किलोमीटर भरते आणि ते कापावयास विमानास चार तासांच्या आतबाहेर वेळ लागतो, हे मला मान्य आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेडच्या बसस्थानकावर, बायकोने रात्र जागून भरलेली, किराणा दुकानाच्या काट्यावर दोनदा तोलून पापड-कुरडयांचे एक पुडके बाहेर काढलेली आणि सुतळीने आवळलेली बॅग घेऊन जो गृहस्थ उभा असतो, त्याच्या प्रवासाचा हिशोब या आकड्यांत मावत नाही. यवतमाळवरून नागपूर गाठावयाचे म्हणजे अडीचशे किलोमीटरांहून अधिक मजल, आणि एसटीने तीस लागणारा वेळ अरबी समुद्र ओलांडण्याच्या वेळेहून जास्त. त्यात आखाताकडील उड्डाणे बहुधा रात्रीच्या उत्तरप्रहरी असल्याने आदल्या दिवशीच निघून विमानतळाच्या खुर्चीवर मुक्काम करणे प्राप्त होते.

तिकिटावरील वेळा तर निराळाच घोटाळा करतात. शारजाचे घड्याळ आपल्यामागे दीड तास असल्याने जाताना प्रवास जेमतेम अडीच तासांचा भासतो, येताना तोच पाचाच्या घरात गेलेला दिसतो. वस्तुतः हिवाळ्यात वरच्या थरांतील पश्चिमेचे वारे पाठीशी असल्यामुळे परतीचे उड्डाणच अधिक लवकर पुरे होते. विमानतळावर न्यावयास आलेल्या नातलगांना हे पटवून देण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये.

नागपूरचे मध्यवर्तित्व केवळ शून्य मैलाच्या स्तंभापुरते कधीच नव्हते. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चारी दिशांची विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच काळात आमच्या जिल्ह्यात मात्र शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी यवतमाळ ते मूर्तिजापूर हे 113 किलोमीटर सहा-सात तासांत काटीत होती, आणि 1994 पर्यंत ती वाफेवरच चालली. विलायती कंपनीने तो मार्ग घातला तो वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे रवाना व्हावा म्हणून. माणसांची सोय हा त्यात आनुषंगिक लाभ होता. कापसाला समुद्रापार जाण्याची वाट या जिल्ह्यात माणसांच्या आधी मिळाली, ही गोष्ट मला अजून बोचते.

यवतमाळला धावपट्टी आहे, पण तिचा उपयोग सर्वसामान्य प्रवाशास नाही. आणि खरे सांगावयाचे तर उमरखेडच्या माणसास तिची निकडही नाही. त्याला हवा आहे तो वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरांचा लोहमार्ग, जो दारव्हा, दिग्रस, पुसद करीत थेट उमरखेडवरून जावयाचा आहे आणि ज्यावरील पहिली गाडी 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. रेल्वेखात्यास विनंती एवढीच की, उमरखेडच्या गाडीचे वेळापत्रक आखताना दप्तरात नागपूरच्या रात्रीच्या उड्डाणांच्या वेळाही समोर ठेवाव्यात, आणि संध्याकाळी निघून मध्यरात्रीपूर्वी नागपुरास पोहोचणारी एक तरी गाडी त्यात असावी.