अहवाल आधी ग्रामसभेत वाचा

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री,
नवी दिल्ली



३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली सापडली. त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊन पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आपल्या मंत्रालयातून निघाला. २०१४ पासूनचा तो सहावा मसुदा.

माझे घर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. ‘तो गाडगीळ अहवाल आला की गोठासुद्धा बांधता येणार नाही,’ हे मी पारावर आणि एसटीत इतक्या वेळा ऐकले की अखेर पश्चिम घाटावरचा तो अहवालच वाचायला घेतला. सर्वांत कडक पट्ट्यातही स्थानिकांची कुटुंबे वाढली तर गावठाण वाढवायला त्यात मुभा आहे. बंदी सुचवली आहे ती नव्या खाणींवर, नव्या गिरिस्थानांवर, विशेष आर्थिक क्षेत्रांवर. मग गोठ्याची भीती गावात आणली कोणी?

याचा दोष मी गावकऱ्यांना देत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समिती आपल्याच मंत्रालयाने २०१० मध्ये नेमली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि मंत्रालयाने तो दडवून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा नकार मिळाला. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, तर मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथे हरल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. जनतेच्या पैशातून झालेला अभ्यास जनतेपासून लपवायला जनतेचाच पैसा वापरला गेला. ज्या महिन्यांत गावोगाव तो समजावून सांगायला हवा होता, त्या महिन्यांत अफवांना रान मोकळे मिळाले.

आणि समजावण्यासारखे त्यात पुष्कळ होते. समितीने घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले. उंची, उतार, फक्त इथेच आढळणाऱ्या वनस्पती अशा कसोट्यांवर प्रत्येकाला गुण दिले आणि त्यावरून तीन पट्टे आखले. डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्याला उतार कशाला म्हणतात हे शिकवावे लागत नाही. आमच्या चौकोनाला इतके गुण का, असे तो नक्की विचारू शकला असता, आणि काही ठिकाणी चूकही दाखवू शकला असता.

पुढे कस्तुरीरंगन यांची समिती आली. उपग्रहांच्या चित्रांवरून तिने बारीक नकाशा केला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. दोन समित्यांची उत्तरे वेगळी का आली, हे आमच्या भाषेत आम्हाला कोणी सांगितले नाही. ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ एवढेच आमच्यापर्यंत पोहोचले. मतभेद हा विज्ञानाचा रोजचा व्यवहार आहे. पण त्याची कारणे झाकली की ज्याला काहीच करायचे नाही, त्याला तो आयता हाताशी मिळतो.

गाडगीळ अहवाल लागू असता तर माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेली गावे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा लागतो. शास्त्रज्ञांनी हुकूम सोडावा आणि गावाने मान डोलवावी, असेही मला नको आहे. खुद्द त्या अहवालानेच आपली आखणी अंतिम मानली नव्हती. ती ग्रामसभांपुढे ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी तर आमचे क्षेत्र संवेदनशील ठरवा, असे ठराव करून दिल्याची नोंद त्यात आहे. ‘लोकांचा विरोध आहे’ असे सांगताना या गावांना कोणत्या रकान्यात टाकले जाते?

म्हणून मागणी एवढीच. मसुद्यात महाराष्ट्रातल्या ज्या ज्या गावाचे नाव आहे, त्याच्या ग्रामसभेत दोन्ही अहवालांतला त्या गावापुरता भाग नकाशासह मराठीत वाचला जावा. वाचायला अभ्यासक यावेत आणि प्रश्न संपेपर्यंत थांबावेत. गावाने घेतलेल्या प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे. हे झाल्याशिवाय सातवा मसुदा काढू नका. सुरुवात आंबेगाव, महाड आणि खालापूर तालुक्यांपासून करा. त्या तिन्ही तालुक्यांनी दरडीखाली माणसे गमावली आहेत.

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याचा एक रहिवासी