साईड व्हीलच्या स्कूटरचा तोल : स्प्रिंग आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या कामामुळे नावारूपाला आलेल्या अलोरे गावात शिलाईचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आहेत. लहानपणी पोलिओने उजवा पाय गेला. कापड आणणे, तयार कपडे पोहोचविणे, महिन्या-दोन महिन्यांनी चिपळूणला जाऊन बटणे, दोरा, अस्तर घेऊन येणे ही सर्व कामे ते साईड व्हील लावलेल्या स्कूटरवर करतात. मागील पावसाळ्याच्या तोंडावर ते एका वळणावर पडले. हाड मोडले नाही, पण दोन आठवडे मशीन बंद राहिले. ऐन हंगामातील दोन आठवडे बंद म्हणजे काय, हे शिलाईवाल्याला सांगावे लागत नाही.

त्यांची तक्रार आम्ही नीट ऐकून घेतली. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते, असे त्यांनी प्रथम गॅरेजवाल्याला सांगितले. त्याने साईडच्या दोन्ही स्प्रिंगा आवळून दिल्या. झुकणे थोडे कमी झाले, पण घराकडच्या कच्च्या चढावर मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले. पुन्हा गॅरेज, पुन्हा पाना. तिसऱ्या खेपेस स्प्रिंगच्या कॉलरला आणखी फिरायला जागाच उरली नव्हती. त्यानंतर चारच दिवसांनी ते पडले. गॅरेजवाला बेइमान नव्हता. त्याने प्रत्येक वेळी मेहनत केली आणि पैसेही बेताचेच घेतले. चूक त्याच्या नियतीत नव्हती, समजुतीत होती. हीच समजूत आपल्या अनेक वेल्डर, फिटर आणि गॅरेजवाल्या बांधवांची असल्यामुळे हा विषय येथे घेत आहोत.

दुचाकी वळताना आतल्या बाजूस कलते आणि त्या कलण्यावरच तिचा तोल टिकतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून साधी स्कूटर गेली तर तिला सुमारे २५ अंश कलावे लागते. साईड व्हील लावली की हे कलणे बंद होते. गाडी स्कूटरसारखी दिसते, पण वागते रिक्षासारखी. जो जोर कलण्यात जिरायचा तो सगळा बाहेरच्या चाकावर येतो, ती स्प्रिंग दबते आणि गाडी उलट बाहेर झुकते. स्वाराला भीती वाटते ती येथे.

आता उलटण्याचा हिशेब पाहू. समजा, दोन साईड चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर आहे आणि माणसासह गाडीचा भारमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. त्याच १५ मीटरच्या वळणावर ही गाडी कागदावर ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास उलटते. प्रत्यक्षात पुढे एकच चाक असते आणि स्प्रिंग दबली की भारही बाहेर सरकतो, म्हणून खरी मर्यादा त्याहून खाली येते. या हिशेबात मुख्य गोष्टी दोनच : चाकांतील रुंदी आणि भाराची उंची. स्प्रिंग कितीही आवळली तरी या दोन्हींत काही फरक पडत नाही. उलट मऊ स्प्रिंग हळूहळू झुकून स्वाराला सावध तरी करते. दगडासारखी आवळलेली स्प्रिंग काही न सांगता आतले चाक एकदम उचलते. आमच्या शिलाईवाल्या मित्राचे असेच झाले.

दुसरा तोटा चढावरचा. साईड व्हीलच्या जोडणीत ओढण्याचे काम मधले मूळ चाकच करते. साईडच्या स्प्रिंगा फार कडक असल्या की मधले चाक खड्ड्यात किंवा चाकोरीत आले, की गाडीचा भार दोन्ही बाजूंची चाके उचलून धरतात आणि मधले चाक अधांतरी राहते. जांभ्या दगडाच्या रस्त्यावर, त्यात पावसाने चिखल झालेला, हे दररोज होणारच. पाय टेकून गाडी ढकलणे ज्याला शक्य नाही, त्याने अशा वेळी काय करावे? कोणी येईपर्यंत पावसात बसून राहावे?

जगात खरोखर कलणाऱ्या तीनचाकी गाड्या आहेत. इंग्लंडमध्ये बी. एस. ए. कंपनीने १९७० साली ‘एरियल ३’ आणली. तिचा पुढचा भाग कलत असे आणि मागची दोन चाके सपाट राहत. ती बाजारात चालली नाही. त्याच कल्पनेवर होंडाने १९८२ मध्ये ‘जायरो’ काढली आणि जपानमध्ये माल पोहोचविणाऱ्यांनी ती उचलून धरली. पियाजियोने २००६ साली ‘एमपी थ्री’ आणली. हीच कंपनी बारामतीत आपे रिक्षा बनवते. ‘एमपी थ्री’ची पुढची दोन चाके समांतर दांड्यांच्या चौकटीवर बसवलेली असून दोन्ही मिळून कलतात. यामाहाची ‘निकेन’ २०१८ ची, ती ४५ अंशांपर्यंत कलते.

या गाड्यांत स्प्रिंगचे काम वेगळे असते. कलण्याला अडविणे हे तिचे काम नाही. ते सांध्यांचे काम, स्प्रिंगने फक्त खड्डा झेलायचा. म्हणून तेथे डावी-उजवी बाजू काटेकोर सारखी लावावी लागते, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. आपल्या साईड व्हीलच्या गाडीत मात्र एकच स्प्रिंग खड्डाही झेलते आणि झुकणेही अडविते. दोन नोकऱ्या एकाच माणसाने करायच्या म्हटल्यावर तडजोड आलीच. ती तडजोड शोधणे म्हणजेच सस्पेन्शन लावणे. मऊ किंवा कडक अशी ठरलेली जागा नाही, ती माणसागणिक बदलते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मोबाईलवर या परदेशी गाड्यांची चित्रे पाहून काही तरुण कारागीर कलणारा सांधा स्वतः वेल्डिंगने बनविण्याच्या गोष्टी करतात. हुन्नर आहे, उमेद आहे, चांगलेच आहे. पण कलणारी गाडी थांबली की तिला कोणीतरी उभी धरावी लागते. ‘एमपी थ्री’मध्ये त्यासाठी कुलूप आहे, हँडलवरच्या बटणाने कलणे बंद होते. ‘निकेन’मध्ये तसे नाही, तेथे पाय टेकावाच लागतो. कुलूप नसलेली कलणारी गाडी अपंग माणसाला देणे म्हणजे त्याला सिग्नलवर पाडणे होय. हा प्रयोग गिऱ्हाइकाच्या जिवावर करू नये.

मग योग्य पद्धत कोणती? सर्वप्रथम हवा. सर्व टायरांत ठरलेली हवा भरल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नये. अर्ध्याअधिक तक्रारी येथेच मिटतात. नंतर सपाट जागा. गॅरेजची फरशी सपाट आहे असे आपण धरून चालतो, ती सहसा नसते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून पाहावे. नंतर एक दोरी ताणून दोन्ही साईड चाके मधल्या चाकाला समांतर आहेत की नाही ते तपासावे. चाक तिरके असेल तर टायर घासतो आणि गाडी ओढते, दोष मात्र स्प्रिंगच्या माथी जातो.

यानंतर मालकाला गाडीवर बसवावे. सर्वांत अधिक चूक होते ती याच ठिकाणी. फिटर स्वतः बसून पाहतो, किंवा मुलाला बसवतो. फिटरचे वजन वेगळे, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा बसतो. ज्याचा एक पाय अधू आहे तो सारखा बसत नाही. त्याचा भार चांगल्या बाजूच्या कुल्ल्यावर असतो, कुबडी एका बाजूला बांधलेली असते, पिशवी हँडलच्या एका टोकाला. म्हणून मालक, त्याची कुबडी, त्याचे रोजचे सामान, सर्व गाडीवर ठेवून चाकाच्या आसापासून वरच्या चौकटीवरील खुणेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. बसण्यापूर्वीचे व बसल्यानंतरचे माप वहीत लिहावे. बसल्यावर चौकट सरळ राहील अशा बेताने कॉलर फिरवाव्यात. दोन्ही बाजूंच्या कॉलर सारख्या आल्या नाहीत तर बिचकू नये. माणूसच दोन्ही बाजूंनी सारखा बसत नाही, तर स्प्रिंगा कशा सारख्या येतील?

कडकपणाची एक सोपी चाचणी आहे. इंजिन बंद ठेवावे, पुढचे चाक अडवावे, दोन्ही साईड चाकांखाली इंचभर जाडीची फळी सरकवावी आणि मालकाला बसवावे. आता गिअर नसलेल्या स्कूटरचे मधले चाक हाताने सहज फिरले तर स्प्रिंगा जास्त कडक आहेत. जमिनीवर दाबून बसले तर ठीक. मग मालकाला दोन्ही बाजूंना अंग झुकवायला सांगावे. चौकट थोडी खाली जावी, रबरावर आदळू नये. आदळत असेल तर आणखी आवळण्याऐवजी जाड तारेची स्प्रिंग घालावी, कारण आवळल्याने स्प्रिंगची जात बदलत नाही. शॉकअप भंगारातून घ्यायचे झाल्यास जोडीने घ्यावेत. एक जुना एक नवा कधीही नको. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे बुश आणि बेअरिंग आतून गंजलेले असू शकतात, तेही उघडून पाहावे.

काही ठिकाणी स्प्रिंगच काढून तिच्या जागी सरळ लोखंडी दांडी ठोकलेली आम्ही पाहिली आहे. खर्च वाचतो, गाडी उभी असताना डुलत नाही, गिऱ्हाईक खूश होते. आमच्या मते अशी गाडी विकूच नये. तसेच मूळ चासीला वेल्डिंग न करता बोल्ट व क्लँपने जोडणी करावी.

पैशाचा प्रश्न खरा आहे. एवढी मापे घ्यायची तर अर्धा दिवस जातो, आणि शेजारचा दुकानदार पाचशे रुपये कमी सांगतो. यावर आमचे म्हणणे असे की समायोजनाची मजुरी वेगळी न दाखवता जोडणीच्या किमतीतच धरावी, आणि पहिल्या महिन्यात दोनदा गाडी परत आणण्याची अट स्वतःच घालावी. नवी स्प्रिंग थोडी बसते, बोल्ट सैल होतात. स्वस्त देणारा दुकानदार हे करीत नाही, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायला एक पावसाळा पुरतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या वाहनाला स्वतंत्र व्याख्या मिळाली आणि अशा बदलाला परवानगीची वाट मोकळी झाली. मात्र परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आर. सी. पुस्तकात नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहतो. म्हणून जोडणीचे पक्के बिल द्यावे आणि गिऱ्हाइकाला आर. टी. ओ. कडे पाठवूनच गाडी ताब्यात द्यावी.

अलोऱ्याची ती स्कूटर नंतर याच पद्धतीने लावून घेतली. शिलाईवाल्याचा उजवा पाय अधू असल्याने त्यांचा भार डावीकडे येतो. डावी कॉलर उजवीपेक्षा दोन खाचा जास्त आली. साईडच्या चाकांमधील अंतर चार इंचांनी वाढविले, आणि कापडाचा गठ्ठा सीटमागच्या उंच कॅरियरवरून काढून पायाजवळ ठेवण्याची सोय केली. चढावर चाक आता फिरत नाही. वळणावर ते ताशी वीसच्या वर जात नाहीत, आणि मागून हॉर्न वाजविणाऱ्याला खुशाल वाजवू देतात.