अपडेटची वेळ कुणी ठरवायची?

‘अपडेट बंद करून टाक, काही होत नाही.’ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा सल्ला फुकट मिळतो, आणि तो घातक आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ला विंडोजमधलं एक भगदाड बुजवलं. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच भगदाडातून जगभर शिरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने आधी आलेलं होतं. अनेकांनी ते घेतलंच नव्हतं.

पण लोक अपडेट का टाळतात? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर असतं : ‘यूजरला कळत नाही.’ हे उत्तर मला साफ नामंजूर आहे. यूजरला पुरेसं कळतं. त्याचा दिवस कसा जातो हे डिफॉल्ट ठरवणाऱ्याला कळत नाही.

विंडोज १०ने तुमच्या कामाची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५ अशी धरली होती. मग रात्री अकराला टेस्ट सिरीज सोडवणारी मुलगी कुठल्या हिशोबात बसते? ऑफिसमधल्या मशीनसाठी ठरलेल्या वेळी इन्स्टॉल करण्याची मूळ वेळ पहाटे ३. त्या वेळी आपल्याकडच्या शाळेत मेन स्विच बंद असतो. मग राहिलेलं अपडेट उगवतं ते सकाळी, नेमकं कामाच्या गर्दीत.

जागेचंही तेच. डाउनलोड झालेलं अपडेट सी ड्राइव्हवरच्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरमध्ये साठतं. फोटो, गाणी, नवी अ‍ॅप्स दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. हा फोल्डर हलवायची नाही. वर २०१९पासून नव्या मशीनवर साधारण ७ जीबी जागा राखीव. ३२ जीबीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये मग मालकासाठी उरतं काय?

गंमत म्हणजे या सगळ्यावरचा उपाय जुनाच आहे, फक्त तो कंपन्यांसाठी आहे. त्यांच्याकडे डब्ल्यूएसयूएस असतं : एक सर्व्हर अपडेट एकदाच उतरवतो, सांगाल त्या ड्राइव्हवर साठवतो आणि शेकडो मशीनना वाटतो. वेळही त्यांचीच. म्हणजे ज्यांच्याकडे जाडजूड इंटरनेट आहे त्यांना निवड, आणि जो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी पुरवून वापरतो त्याच्यावर सक्ती. होम आवृत्तीला अपडेट ३५ दिवस थांबवायची मुभा मिळाली, तीही २०१९मध्ये.

तोवर हातात आहे ते तरी वापरा. अ‍ॅक्टिव्ह अवर्स स्वतःच्या दिवसाप्रमाणे लावा. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून खूण करा. शाळेच्या लॅबमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू करून फक्त आपल्या नेटवर्कपुरतं ठेवा. एका मशीनने उतरवलेलं बाकीच्यांना घेता येतं. थांबवायचंच असेल तर परीक्षेपुरतं थांबवा, कायमचं नको.

पण हे जुगाड शिकणं ही यूजरची जबाबदारी का असावी? नवा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला की तो देश विचारतो, कीबोर्ड विचारतो, जाहिरातींसाठी तुमचा आयडी वापरू का हेही विचारतो. त्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे वीज आणि नेट कधी असतं? आणि हे सामान कुठे ठेवू? एवढं विचारलं, की अपडेट बंद करून देणाऱ्या दुकानांचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.