भाजीचा उत्सव, पाण्याचा विसर

पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात आणि कोल्हापूरकर तेथे हौसेने जातात. हे स्वागतार्हच. परंतु पाणथळीतील भाजीचे गोडवे गाताना तिच्या पाण्याविषयी आपण मौन का पाळावे?

नाळीची भाजीच घ्या. रताळ्याच्या कुळातील हा वेल. खोड पोकळ, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. पेरापेरांतून मुळे फुटतात. फुले नरसाळ्यासारखी, फिकट जांभळी. चीन व थायलंडमध्ये त्याची शेती होते. अमेरिकेने मात्र त्याला उपद्रवी तण ठरविले आहे. ज्या पाण्यात तो वाढतो, त्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही तो शोषून घेतो. शिजविल्याने जंतू मरतात. धातू नाहीसे होत नाहीत.

आमच्या रंकाळ्यात वर्षानुवर्षे सांडपाणी मिसळत आले. जयंती नाला शहराची घाण पंचगंगेला पोहोचवीत आला. दूषित पाण्याची किंमत या जिल्ह्याने २०१२ साली इचलकरंजीतील काविळीच्या साथीत प्राणांनी मोजली आहे.

‘मग ती भाजी खाऊ नका,’ असे शहाणे सांगतील. हा न्याय विचित्र आहे! पाणी नासविणारा मोकळा, आणि फुकटच्या भाजीवर भाकरी खाणाऱ्या गरिबाने मात्र ताट आवरायचे?

वाचकहो, आपली मागणी साधी असावी. महोत्सवात पाककृतीच्या फलकाशेजारी आपल्या तळ्यांच्या पाणीतपासणीचा अहवालही लावा. तो लावण्याची लाज वाटत असेल, तर आधी नाले अडवा; उत्सव मग करू.